गाडी कुठे लागते, तेवढं सांगा

महाराष्ट्रात नवं एसटी स्टँड उभं राहिलं की फीत कापताना एक वाक्य हमखास कानावर पडतं: हे स्थानक अगदी विमानतळासारखं झालंय. लगेच टाळ्या पडतात. टाळ्या वाजवणारे मग आपापल्या मोटारींत बसून निघून जातात, कारण समारंभ संपल्यावर एसटीने घरी जाणारा माणूस मांडवात नसतोच. तो मांडवामुळे बंद झालेल्या फलाटाच्या पलीकडे, उन्हात, आपली गाडी आज कुठून सुटणार हे शोधत फिरत असतो.

मला या विमानतळाच्या हव्यासाचा मनापासून संताप येतो. विमानाने जाणारा दोन तास आधी येतो. त्याच्या हातात एका ठरलेल्या विमानातल्या एका ठरलेल्या खुर्चीचं तिकीट असतं. दोन तास घालवायला त्याला कॉफी लागते, दुकानं लागतात, चकचकीत फरशी लागते. एसटीचा प्रवासी तालुक्याच्या बाजारातून, सरकारी दवाखान्यातून, कोर्टाच्या तारखेवरून सुटून धावत येतो. साडेचारची मिळाली तर साडेचारची, ती गेली असेल तर सव्वापाचची, तीही रद्द असेल तर निम्म्या वाटेपर्यंत सोडणारी कुठलीही. साध्या गाडीला तो रिझर्व्हेशन करत नाही. तिकीट त्याला गाडीत बसल्यावर कंडक्टर देतो. या माणसाचे स्टँडला तीनच प्रश्न असतात. माझी गाडी कुठे लागते? कधी लागते? आणि आज लागणार आहे का? बाकी सावली, पाणी, संडास आणि टेकायला बाकडं मिळालं की त्याची तक्रार नसते. जे स्टँड या तीन प्रश्नांची उत्तरं देत नाही, ते कितीही कोटींचं असो, स्टँड म्हणून नापास आहे.

मी ज्या जिल्ह्याच्या गावी नेहमी उतरतो, तिथलं स्टँड असंच नवं झालं. गावाचं नाव घेत नाही. वाचणाऱ्याला आपलंच वाटेल, आणि त्यात फारशी चूकही होणार नाही. रस्त्याच्या बाजूने आता दुकानांची रांग आहे. मोबाइलवाला, साडीवाला, बँकेचं एटीएम. या रांगेत एक फट आहे, ती स्टँडची वाट. आत शिरलं की दुमजली उंचीचा काचेचा हॉल लागतो. हॉल दिसायला खरोखर देखणा आहे, फक्त त्यात बोललेलं काही कळत नाही. ध्वनिक्षेपकावरचा आवाज काचेवर आपटून घुमतो आणि ‘प्रवाशांनी लक्ष द्यावे’ एवढं स्वच्छ ऐकू येतं. लक्ष दिल्यावर गावाचं नाव आणि फलाटाचा आकडा तेवढा विरून जातो. भिंतीवर मोठे पडदे लावलेत. त्यांच्यावर स्वागत असतं, जाहिरात असते, कधी नुसताच निळा उजेड असतो. गाड्यांची वेळ असते तेव्हा ती कुठल्या तरी गेल्या हंगामाची असते.

फलाटांना क्रमांक आहेत. सुबक आहेत, दुरून दिसतात. पण ड्रायव्हरला जिथे जागा मिळेल तिथे तो गाडी लावतो. दोष त्याचा नाही: अकरा नंबरवर आधीची नादुरुस्त गाडी उभी असते, बारावर कुणाची तरी खासगी मोटार. मग ती गाडी सतराला लागते. अकराला उभ्या असलेल्या साठ माणसांना हे कळतं कसं? पहिल्याने बघितलं आणि पळत सुटला, की बाकीचे त्याच्यामागे पळतात. पिशव्या, पोरं, म्हातारी माणसं, सगळं लटांबर धावतं. खिडकीतून रुमाल पडतात. याला आपले सुशिक्षित लोक ‘पब्लिकला शिस्त नाही’ म्हणतात. गाडी कुठे लागणार हे सांगितलं असतं, तर कुणाला हौस होती गुडघे फोडून घ्यायची?

आता फलाटावरचं छत. ते पुढे कुठवर आहे हे एकदा पावसाळ्यात बघा. छताची कड आणि गाडीचा दरवाजा यांच्यात हातभर मोकळं आकाश राहतं, आणि वरचं सगळं पाणी नेमकं तिथे पडतं. चढणारा प्रत्येक जण त्या धारेखालून जातो. हे चित्र कागदावर काढणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी कडेवर पोर घेऊन त्या दारातून चढून बघितलं असतं, तर छत दोन फूट पुढे आलं असतं. दर्शनी बाजूच्या कमानीला जेवढं लोखंड लागलं, त्याच्या चतकोरातही ते झालं असतं.

चौकशीची खिडकी आहे. तिला काच आहे, काचेला गोल भोक आहे, आणि ते अशा उंचीवर आहे की विचारणाऱ्याला आपोआप वाकावं लागतं. आतून एकच शब्द येतो: ‘येईल.’ या ‘येईल’ला वेळ नसते, क्रमांक नसतो. खरं म्हणजे आतल्या वाहतूक नियंत्रकालाही माहीत नसतं. आगारातून गाडी निघाली की नाही, हे तो स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या रिचार्जवर, कुणाला तरी फोन करून विचारत असतो. एसटीने गाड्यांचा ठावठिकाणा कळवणारी यंत्रणा २०१९ पासून आणली, तेव्हाही स्थानकांवर पडदे बसवले. गाडी कुठे आहे हे उपग्रहाला समजतं, खिडकीतल्या माणसाला समजत नाही, आणि बाहेर उभ्या बाईला तर समजायचा प्रश्नच नाही. तिला खरी माहिती मिळते ती शेंगा विकणाऱ्या मावशीकडून. ‘तुमची गाडी पंपावर डिझेल भरतीये, दहा मिनिटांनी मागच्या बाजूला लागंल, तिकडं जाऊन बसा.’ तंतोतंत खरं निघतं. नव्या स्टँडमध्ये अतिक्रमण म्हणून सगळ्यात आधी हटवलं ते याच मावशीला.

ही गैरसोयीची किरकोळ कुरकुर आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी २५ फेब्रुवारी २०२५ची पहाट आठवावी. पुण्याच्या स्वारगेट स्थानकाच्या आवारात उभ्या असलेल्या शिवशाही गाडीत एका तरुणीवर अत्याचार झाल्याची तक्रार नोंदली गेली. ती गावाला जायला गाडीची वाट बघत होती. एका माणसाने तिला सांगितलं की तुमची गाडी तिकडे लागली आहे, आणि तिने विश्वास ठेवला. का ठेवणार नाही? आपल्या स्टँडवर गाडीची माहिती अनोळखी माणसाकडूनच मिळते, हे प्रत्येक प्रवासी लहानपणापासून शिकलेला असतो. फलाटावर गाडीची वेळ आणि जागा ठळक दिसत असती, जवळ गणवेशातला माणूस उभा असता, तर ‘गाडी तिकडे लागलीये’ या वाक्याला कुणी भुललं नसतं. नंतर काय झालं? सुरक्षारक्षक बदलायचे आदेश निघाले, आवारातल्या निकामी गाड्या हलवायचं ठरलं, कॅमेऱ्यांची चर्चा झाली. सगळं योग्यच. पण गाडी कुठे लागते ते सांगण्याची व्यवस्था का नाही, हे विचारताना मला कुणी दिसलं नाही. त्याच स्वारगेटला त्याआधी पाच महिने, २९ सप्टेंबर २०२४ला, भुयारी मेट्रो स्थानक सुरू झालं होतं. तिथे पुढची गाडी किती मिनिटांत येणार ते पाटीवर दिसतं, माणूस उभा असतो, दिवे लागलेले असतात. म्हणजे हे आपल्याला जमतं. एसटीच्या प्रवाशासाठी करायचं नसतं, इतकंच.

स्टँडवर आणखी एक खोली असते: हिरकणी कक्ष. तान्ह्या मुलाला पाजायला बाईला आडोसा हवा, ही कल्पना चांगली आणि नावही साजेसं. आमच्या नव्या स्टँडवर या कक्षाला कुलूप आहे. किल्ली कुठे, तर ‘साहेबांकडे’. साहेब कुठे, तर ‘राउंडला’. हिरकणी कडा उतरून गेली, कारण गडाचे दरवाजे बंद झाले होते. आम्ही तिच्या नावाच्या खोलीचाच दरवाजा बंद ठेवतो आणि बाईने तोवर पार्सलांच्या मागे बसावं अशी अपेक्षा करतो.

पाण्याचं म्हणाल तर २०२०मध्ये एसटीने स्थानकांवर बाटलीबंद पाणी आणलं, ‘नाथजल’. सुरुवातीला लिटरची बाटली १५ रुपयांना होती. संत एकनाथांनी रामेश्वराला न्यायची काशीची कावड वाटेत तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतली, ही कथा महाराष्ट्रातलं शेंबडं पोर सांगेल. त्यांचं नाव विकतच्या बाटलीला द्यायचं सुचणं यालाही प्रतिभा लागते. बाटली विकायला माझी हरकत नाही. पण तिच्या शेजारच्या नळाला पाणी हवं. आमच्या स्टँडवरचा थंड पाण्याचा कट्टा कुण्या दात्याच्या आईच्या स्मरणार्थ बांधलेला आहे. दात्याचं नाव संगमरवरात शाबूत आहे, तोट्या गायब आहेत. संडासाच्या दारात ‘महिलांसाठी मोफत’ असं लिहिलेल्या पाटीखाली टेबल टाकून पाच रुपये मागणारा इसम मात्र कधी गायब झालेला मी बघितला नाही.

हे सगळं निष्काळजीपणातून होतं असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटत नाही. इमारत ज्याच्यासाठी बांधली जाते त्याची सोय ती नीट करते. फक्त तो माणूस प्रवासी नसतो. एसटीकडे गाड्या कमी आणि जमिनी मोक्याच्या. गावाचं जिथे पोट, तिथे स्टँड, कारण ती जागा मिळाली तेव्हा गाव स्टँडच्या कडेने वाढायचं होतं. आज त्या जागेच्या भावापुढे त्यावरच्या लाल गाड्या अडगळ वाटू लागल्या. दोन दशकांपूर्वी ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ हा मंत्र आला, मग ‘बसपोर्ट’ आले, काही ठिकाणी भूमिपूजनाच्या कोनशिला बसल्या आणि तिथेच थांबल्या. २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने एसटीच्या जागा खासगी विकासकांना देण्याची मुदत वाढवून ४९ अधिक ४९, अशी ९८ वर्षांची केली. म्हणजे २१२३पर्यंत. त्याच वर्षी महामंडळाच्या श्वेतपत्रिकेने संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर असल्याचं सांगितलं. तोट्यातल्या संस्थेने जमिनीतून पैसा उभा करावा, यात पाप नाही. पण मग ते तसं सांगा ना. आम्ही दुकानं बांधतोय, मागे जागा उरली तर गाड्या लावू, असं छातीठोकपणे सांगा. ‘प्रवाशांच्या सुविधेसाठी अत्याधुनिक स्थानक’ हे फलक कशाला?

आणि निदान ती दुकानं तरी वेळेत होतात का? चिपळूणला जुनं स्थानक पाडून हायटेक स्थानकाचं काम निघालं आणि वर्षानुवर्षं अर्धवट राहिलं. कोकणातला पाऊस दरसाल त्या खांबांवर पडून गेला, प्रवासी पत्र्याखाली. पुण्यात मेट्रोच्या कामासाठी शिवाजीनगरचं स्थानक २०१९च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवलं, तात्पुरतं. शिवाजीनगरचं भुयारी मेट्रो स्थानक २०२३च्या ऑगस्टमध्ये सुरूही झालं, तेव्हा एसटी वाकडेवाडीतच होती. नाशिकहून, संभाजीनगरहून सामान घेऊन येणाऱ्याने वाकडेवाडीला उतरायचं आणि तिथून रिक्षावाल्याच्या तोंडाला लागायचं. मेट्रोवाल्यांना एक दिवस उशीर झाला तर बातमी होते. एसटीच्या प्रवाशाने किती वर्षं ‘तात्पुरतं’ राहायचं याची तारीख कुणी मागतच नाही.

आमचे मंत्री गुजरातचा दाखला देतात. वडोदऱ्याचं स्थानक चांगलं आहे, मान्य. पण ते का चालतं याकडे कुणी बघत नाही: ते रेल्वे स्टेशनला खेटून आहे. मला जास्त शिकण्यासारखं उदाहरण चेन्नईचं वाटतं, कारण तिथे इमारत चांगली असूनही फजिती झाली. कोयंबेडूचं मोठं बस टर्मिनस तिथे २००२पासून चालू होतं. शहरातली कोंडी कमी करायला ३० डिसेंबर २०२३ला किलांबाक्कमला नवं टर्मिनस सुरू केलं. प्रचंड, वातानुकूलित, सरकते जिने. पण शहराच्या मध्यापासून सुमारे तीस किलोमीटर लांब. मेट्रो नाही, आणि शेजारून लोहमार्ग जात असूनही तिथलं रेल्वे स्थानक तेव्हा तयार नव्हतं. दक्षिणेकडच्या जिल्ह्यांतून रात्रभर प्रवास करून आलेला माणूस पहाटे तिथे उतरायचा आणि घर गाठायला पुन्हा वेगळा प्रवास करायचा. सुरू होऊन दोन महिने झाले नव्हते तोच, फेब्रुवारी २०२४मध्ये, गाड्या मिळेनात म्हणून प्रवाशांनी रात्री महामार्ग अडवला. आपल्याकडेही ‘स्टँड गावाबाहेर न्या’ची टूम दर निवडणुकीला निघते. स्टँड बाहेर गेलं की आत काय होणार आहे, हे टूम काढणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

काही जण मला सांगतात, अहो, स्टँड कितीही चांगलं बांधा, लोक पान खाऊन थुंकतात, घाण करतात. हेच लोक मेट्रोत थुंकत नाहीत. तिथे सकाळी पुसलेली फरशी दुपारी पुन्हा पुसतात म्हणून थुंकत नाहीत, आणि थुंकला तर पकडायला माणूस असतो म्हणूनही. २०२३पासून एसटीने स्वच्छ, सुंदर बसस्थानकांची स्पर्धा घेतली. तपासणीची समिती येणार असली की आमच्या स्टँडवर कुंड्या येतात, भिंतींवर वारली चित्रं येतात, हिरकणी कक्षाची किल्लीही सापडते. समिती गेली की कुंड्यांत चहाचे कप. समिती गुण कशाला देते ते मला ठाऊक नाही. एखाद्या सदस्याने ‘फलाण्या गावाची शेवटची गाडी कुठून सुटते?’ असं खिडकीत विचारून, मिळालेल्या उत्तरावर गुण द्यावेत.

एसटीत काम करणाऱ्यांना मी शिव्या देत नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण त्या द्यायला सगळ्यात सोप्या. ही संस्था माणसांनी तगवली, इमारतींनी नाही. १ जून १९४८ला पुण्याहून नगरला पहिली गाडी निघाली ती लाकडी बांधणीची होती, आणि स्टँड म्हणण्यासारखं तिथे काही नव्हतं. २२ जुलै २०२१च्या महापुरात चिपळूणचं आगार बुडालं तेव्हा आगारप्रमुख आणि सहकारी लाखोंची रोकड छातीशी धरून तासन्‌तास बसच्या टपावर बसून राहिले. अशी माणसं ज्या संस्थेत आहेत, तिला एक पाटी नीट लावता येत नाही यावर माझा विश्वास नाही. कर्मचाऱ्यांच्या संपानंतर आणि करोनानंतर गाड्या कमी झाल्या, माणसं कमी झाली. २०२२पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत, २०२३पासून बायकांना निम्मं तिकीट. चांगलेच निर्णय. गर्दी वाढली, ती सांभाळायला नियंत्रक मात्र तोच, एकटा, घुमणारा माइक घेऊन. आणि त्याच्या डोक्यावर कोट्यवधींचं छत.

अहो, पूर्वीच्या स्टँडवर काळा फळा असायचा. खडूने गाव, वेळ, फलाट लिहिलेलं. गाडी रद्द झाली की नियंत्रक बाहेर येऊन ओळ पुसायचा आणि चार शिव्या खाऊन आत जायचा. त्या फळ्याचं कौतुक नको. अक्षर वाचता यायचं नाही कैकदा. पण रद्द झालेली गाडी रद्द झाली असं कुणी तरी कबूल करत होतं. आजचा पडदा कधीच कबूल करत नाही. त्याच्यावर गाडी ‘वेळेवर’ असते, फलाटावर नसते.

तेव्हा विकासकाच्या करारात माझं एक कलम घाला. फलाटावरची गाड्यांची पाटी बंद पडली, चुकीची वेळ दाखवू लागली, किंवा हिरकणी कक्षाला कुलूप सापडलं, तर दुरुस्त होईपर्यंत पुढच्या सगळ्या दुकानांचे शटर खाली. साडीवाला, मोबाइलवाला, एटीएम, वरचं हॉटेल, सगळे. बघा, रात्री अकराला शिडी घेऊन माणूस पळत येतो की नाही. विकासक म्हणेल, असं कलम असेल तर मी निविदाच भरणार नाही. मग भरू नका म्हणावं. जागा एसटीची आहे, तिथे पत्रा टाकून आम्ही उभे राहू, आणि शेंगावाल्या मावशींना परत बोलवू.